उरलेली सुतळी

मे सरत आला, शेवटच्या पेट्या भरून झाल्या,
तेव्हा दिल्लीराम साऊद ओट्याच्या कडेला टेकून म्हणाला,
पोरगा फोनवर विचारतो, तू किती लांब आहेस?
शाळेत लिहून न्यायचंय म्हणे.
साहेब, तुम्ही मोजणीवाले. सांगा.

एकतीस वर्षं काढली मी त्या खात्यात.
साखळी, फलक, शंकू,
आणि दोन भावांच्या मध्ये उभं राहून
कुणाकडेही न बघता खुंटी ठोकायची सवय.
पण रत्नागिरी ते धनगढी मोजून द्या
असा अर्ज कुणी केला नव्हता आजवर.

नातवाचा नकाशा काढला, पेटीची सुतळी घेतली.
एक टोक मी रत्नागिरीवर अंगठ्याने दाबलं,
दुसरं त्याने नेलं पार वर, नेपाळच्या कडेला.
गावाचं नाव छापलेलं नव्हतं,
बोट तरी न चुकता थांबलं.
सरळ रेषेत पंधराशे किलोमीटर, मी म्हटलं.
कावळा उडतो तसं.

कावळा रखवाली करत नाही, साहेब, तो म्हणाला.

मग सुतळी रस्त्यावरून वळवत नेली.
आंब्याच्या ट्रकातून वाशी,
तिथून दोन रात्रींनी दिल्ली,
जिथे दिल्लीरामला कुणी ओळखत नाही
आणि एका साली झोपेत चपला गेल्या;
बरेली, पलिया, पहाटेचं गौरीफंटा,
जिथला शिपाई पिशवी उलटी करतो,
फणसपोळी हुंगतो, एक ठेवून घेतो.
दोन हजारांच्या वर भरलं.
तेवढी सुतळी कापून पुन्हा सरळ ताणली
तर ती त्याचं गाव ओलांडून
चार बोटं बर्फात गेली.

नकाशात चढ धरत नाहीत, मी त्याला समजावलं.
डोंगर असला तरी आडवंच अंतर घ्यायचं, नियम आहे.
मग घाटात लागलेला दम कुठे लिहिता?
शेऱ्याच्या रकान्यात, मी म्हटलं,
आणि दोघंही हसलो, तो जरा जास्त वेळ.

काळोख पडला होता. वानरं गप्प होती.
खाडीपलीकडे एक दिवा लागला.
आणि तो, साहेब? तो किती लांब?

तो शालनचा. माझी धाकटी बहीण.
आठशे दहा मीटर. स्वतः मोजलंय,
नोकरीच्या पहिल्या वर्षी, हौसेने.
सोलकरांची होडी दिवस मावळेपर्यंत,
त्यानंतर पुलावरून एकेचाळीस किलोमीटर.

कधी गेला होतात?

आता ह्याला काय सांगायचं,
की ही कलमं ज्या जमिनीत उभी आहेत
तिच्या हक्कसोडपत्रावर तिने सही केली,
मी दाखवलं तिथे, मी दिलेल्या पेनाने.
पेनाचं टोपण लावून परत दिलं.
चहा ठेवला होता, तो घेतला नाही.
त्याला नऊ वर्षं झाली.
बांध तेव्हाही बरोबर होता, आजही आहे,
इंचभर इकडे तिकडे नाही.

मी म्हटलं, होडी बेभरवशाची असते रे.

चार बोटं सुतळी त्याने कापून घेतली,
पोराला दाखवीन म्हणाला, हे जास्तीचं.
पहाटे ट्रक आला. गेला.
बागेत आता बॅटरी फिरत नाही,
वानरांनी उरलेसुरले आंबे आपसांत वाटून घेतले,
मोजणी न करता.

सहाव्या दिवशी फोन आला.
पोचलो. पोराने दोन्ही आकडे लिहिले,
मास्तर म्हणाले एकच लिही.
मग खोकला, मग वाऱ्याचा आवाज,
मग, तुम्ही गेलात का पलीकडे?

ओहोटी आहे, मी म्हटलं.
खिडकीतून दिसत होतं,
पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलेलं,
आणि अझीझ सोलकर होडीत उभा राहून
कुणी येतंय का बघत होता.